अर्जातलं रोप

लव्हाळा विकणं फार अवघड. दाखवायला पान नाही, वास नाही, आणि फूल म्हणावं तर तपकिरी रंगाचा एक झुबका. गिऱ्हाईक विचारतं, "हे वाळलंय का?" मी सांगतो, नाही, हे असंच असतं. मग गिऱ्हाईक शेजारच्या टाकीतली कमळं बघायला जातं.

माझी तीस वर्षं या झाडात गेली आहेत, तेव्हा चार गोष्टी सांगण्याचा मला हक्क आहे. गवताच्या काडीला पेरं असतात. मोथ्याची काडी बोटांत फिरवली तर तीन धारा लागतात. लव्हाळ्याची काडी गोल, गुळगुळीत, पेराबिराची भानगड नाही. आत पांढरा, स्पंजासारखा गर. त्यातून हवा खाली मुळांपर्यंत जाते, म्हणून चिखलात इतर झाडं सडतात तिथे हे मजेत असतं. पानं म्हणजे बुडाशी काडीला गुंडाळलेली दोन-तीन आवरणं, बस. आणि तो झुबका काडीच्या मधूनच कुठून तरी फुटल्यासारखा दिसतो, पण खरं तर तो शेंड्याला असतो. त्याच्या वर जे टोक दिसतं ते खोड नव्हे, पान आहे. ते इतकं ताठ उभं राहतं की बघणाऱ्याला वाटतं, सगळा भार यानेच उचललाय. असं एक माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्या घरात दादा होता.

दादा माझा थोरला भाऊ. पाणथळ रोपांची नर्सरी काढायची कल्पना त्याची. टाक्या मी बांधल्या. रंगीत मासे पाळायचे हे त्याच्याच डोक्यातून निघालं, मेलेले मासे मी काढले. मग अळिंबी झाली, मग बुटक्या झाडांचा वर्ग झाला. वर्गाला दोन बाया आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एकच आली. दादा कशालाच खचायचा नाही. खचायचं काम त्याने माझ्याकडे दिलं होतं. तरीही तो आत आला की टाक्यांमधल्या वाटेवर जरा उजेड पडल्यासारखं वाटायचं, हेही सांगायला हवं. नाहीतर मी नुसता कुरकुऱ्या म्हातारा वाटेन, आणि मला अजून साठ पूर्ण व्हायची आहेत.

त्याच्या हातून तडीला गेलेली गोष्ट एकच. लव्हाळ्याची एक पिळाची जात असते. तिच्या काड्या सरळ वाढत नाहीत, स्क्रूसारख्या फिरत फिरत वर जातात. शोभेसाठी लोक नेतात. तिचं बी पेरलं तर किती रोपं पिळाची निघतील आणि किती सरळसोट, याचा नेम नाही. म्हणून शहाणी माणसं बी पेरत नाहीत, गड्डा फोडून लावतात. दादाने बी पेरलं. चारशे रोपं झाली. त्यातल्या एका रोपाने असा पीळ धरला की मीसुद्धा चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वीतभर काडीत सात वेढे, सगळे सारखे. आणि बुडाची आवरणं काळपट तांबडी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत.

दादाने ते मोठ्या मातीच्या कुंडीत लावलं आणि वाणांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात अर्ज टाकला. फोटो जोडले. वेढे, उंची, आवरणाचा रंग, सगळं मोजून लिहिलं. दादाने काही मोजलं ते आयुष्यात तेव्हाच. वाणाचं नाव या रकान्यात लिहिलं, 'नंतर कळवतो.' पाच आठवड्यांनी तो झोपेत गेला.

वहिनी आमच्या काउंटरवर बसतात. बोलणं मोजकं, नजर करडी. रडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. भेटायला आलेली माणसं तेवढ्यावर नाराज होऊन गेली. बाराव्या-पंधराव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

"भाऊजी, त्या कुंडीला कुणी हात लावायचा नाही."

"पाणी?"

"पाणी मी घालीन. खुरपणी नाही, छाटणी नाही, कुंडी बदलायची नाही. यांनी जसं लावलंय तसं राहील."

मी हो म्हणालो. तिथेच चुकलं.

आमच्या नर्सरीत प्रत्येक कुंडी आठवड्यातून दोनदा खुरपली जाते. वरची माती बोटाने खरवडायची आणि जे उगवलेलं दिसेल ते उपटायचं. कारण लव्हाळ्याचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका झुबक्यात ते शेकड्यांनी असतं, ओलं झालं की चिकटतं, चपलेला लागून फिरतं, आणि त्याला उगवायला माती अंगावर नको, नुसता उजेड आणि ओल पुरते. म्हणून आम्ही झुबके पिकून फुटायच्या आत कात्रीने उडवतो. चारशे कुंड्यांचे झुबके मी उडवत होतो, चारशे कुंड्या खुरपत होतो. आणि सगळ्यात मोलाची जी एक कुंडी होती तिला मानाने बाजूला ठेवली होती. तिच्यातले झुबके तिच्यातच पिकले, तिच्यातच फुटले, तिच्याच ओल्या मातीवर पडले. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

वहिनी रोज सकाळी फाटक उघडलं की झारी घेऊन कुंडीपाशी जायच्या. पाणी घालून झालं की तिथेच उभ्या राहून बोलायच्या. मी आधी समजलो, फोनवर आहेत. मग दिसलं की फोन काउंटरवर आहे. पंप पुन्हा बिघडला. शेजारच्या दुकानदाराने आपल्या भिंतीला पाइप टेकवलाय. गुडघा दुखतोय, पण डॉक्टरकडे जाणार नाही, तुम्ही आग्रह करू नका. असं सगळं. एकदा माझ्याबद्दलही ऐकू आलं. "भाऊजी हल्ली फार चिडचिड करतात. तुम्ही असता तर हसण्यावारी नेलं असतं." मी टाकीच्या आड वाकलेला होतो, तसाच वाकून राहिलो. कंबर धरली.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुंडीत मला पहिली सरळ काडी दिसली. मी स्वतःला सांगितलं, जुन्या गड्ड्यातून एखादी काडी सरळ निघते. निघतेच, ते खोटं नाही. पुढच्या दोन महिन्यांत आठ निघाल्या. सरळ काडी उंच वाढते, ऊन आधी तीच खाते, आणि पिळाची बिचारी खाली फिरत बसते. तिसऱ्या वर्षी वहिनी बाहेर गेल्या असताना मी भिंग घेऊन बसलो. बुडाशी तांबडं आवरण शोधलं. एकूण एक काडी बाजूला करून पाहिली. सगळी फिकट, मातकट. मध्यभागी, जिथे दादाने रोप लावलं होतं, तिथे बोट घातलं तर बोट आत गेलं.

कुंडी भरगच्च होती. हिरवीगार. त्यात दादाचं रोप नव्हतं.

मी मूग गिळून बसलो. सांगायचं कसं? रोज सकाळी एक बाई तिथे उभी राहून आपला गुडघा दुखतो म्हणून सांगते, आणि मी जाऊन म्हणू, की वहिनी, ज्याला सांगताय ते मागेच सडलं? माझ्या तोंडून ते निघालं नसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ती कुंडी रिकामी बघायची नव्हती.

चौथ्या वर्षी कार्यालयाचं पत्र आलं. अर्ज त्यांना सापडला होता. तो हरवला होता हे आम्हाला त्या पत्रातूनच कळलं. चार महिन्यांनी तपासनीस येतील, त्यांना मूळ रोप दाखवावं, आणि त्याचा गड्डा फोडून केलेली, एकसारखी बारा रोपं दाखवावीत. वाणाचं नाव त्या दिवशी नक्की करावं.

वहिनींनी पत्र काउंटरवर काचेखाली ठेवलं. "नावाच्या जागी यांचं नाव घालायचं," त्या म्हणाल्या. "मासे राहिले नाहीत, अळिंबी राहिली नाही. नोंदणीच्या पुस्तकात एक ओळ तरी राहील, की असा एक माणूस होता आणि त्याने हे केलं." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. "गड्डा फोडायला मात्र मी आधी विचारते."

"कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंप बघायला गेलो.

विचारायला तीन आठवडे लागले. परवानगी मिळाली. मी काड्या चार बोटं ठेवून कापल्या. कापल्यावर सरळ कुठली आणि पिळाची कुठली ते कुणाच्या बापालाही ओळखता येत नाही. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढला, दातेरी सुरीने फोडला. वहिनी शेजारी उभ्या होत्या. मधला भाग काळा, मऊ, ओल्या चहाच्या चोथ्यासारखा होता. मी त्यावर हात ठेवला.

"ते काय?"

"मध्ये जुनं झालंय. लव्हाळा बाहेरच्या अंगाने वाढतो, मधलं जातं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी बारा तुकडे बारा कुंड्यांत लावले, उरलेला गड्डा मूळ कुंडीत परत ठेवला आणि कुंड्या पाण्याच्या ट्रेमध्ये मांडल्या. मनात एक आशा होती, ती कबूल करतो. वाटत होतं, एखाद्या तुकड्यात दादाच्या रोपाचा एखादा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शिल्लक असेल, तांबडं काही तरी वर येईल.

सहा आठवड्यांत बारा कुंड्यांनी आपापलं मत मांडलं. पाच कुंड्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. तीन कुंड्यांत काड्या थोड्या वळल्या आणि मग त्यांचा विचार बदलला. चार पिळाच्या, पण दादाच्या रोपाचा तो सात वेढ्यांचा पीळ एकीलाही नाही. तांबडं काही आलं नाही.

वहिनी ट्रेपाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"सरळ का येतायत?"

"कोवळ्या आहेत. पुढे वळतील."

हे मात्र सपशेल खोटं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण मुळात नसलेला पीळ पुढे येईल असं अजून कुणी म्हटलेलं नाही. वहिनींनी मान हलवली आणि गेल्या.

मग मी कामाला लागलो. आमच्या नर्सरीत लव्हाळा कुठेही उगवतो. टाक्यांमधल्या खडीत, पंपाच्या पायाशी, एकदा तर माझ्या जुन्या बुटात उगवला होता. दादाच्या कुंडीतून उडालेल्या बियांची पिळाची रोपं खडीत ठिकठिकाणी होती. ती मी हेरली, त्यातली त्या चारांना शोभतील अशी आठ निवडली, आणि सरळ रोपांच्या जागी बसवली. चारांना आठ मिळाली, बारा झाली. पट्टी लावून उंची सारखी केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटस काम मी त्या आठवड्यात केलं, आणि ते फसवणुकीचं होतं.

मूळ कुंडी राहिली. तपासणीच्या आदल्या सकाळी वहिनी बँकेत गेल्या. मी कुंडीपाशी बसून नव्याने आलेल्या सरळ काड्या एक एक करून मुळासकट उपटल्या. टोपली भरली. राहिला तो सगळा पीळच पीळ.

परत आल्यावर वहिनींनी पाणी घातलं. "आज छान दिसतंय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पुढे काही बोलल्या नाहीत.

तपासनीस सकाळी साडेनऊला आले. बुटका, टोपी घातलेला माणूस. स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन आला होता. चहा विचारला तर म्हणाला, "मोजून झाल्यावर." मला तो लगेच आवडला आणि म्हणूनच भीती वाटली.

त्याने बाराही कुंड्या मोजल्या. कॅलिपर लावून काडीची जाडी घेतली, वेढे मोजले, कागदावर उतरवले. तोंडावरची रेष हलली नाही. मग स्टूल उचलून मूळ कुंडीपाशी नेलं.

"वेढे सहा," तो म्हणाला. "अर्जात सात."

"चार वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "माणूससुद्धा वयाने वाकतो."

"झाडाला ते लागू नाही, बाई."

"बरं."

त्याने काड्या बाजूला सारल्या, खिशातून भिंग काढलं, बुडाशी बघितलं. अर्जाच्या प्रतीकडे बघितलं. दादाने काढलेला फोटो भिंगाखाली धरला. पुन्हा बुडाशी बघितलं. मला माझ्या कानांत पंपाचा आवाज येत होता, आणि पंप बंद होता.

"आवरण काळपट तांबडं, चकचकीत, असं लिहिलंय. हे फिकट आहे."

मी कुंडीच्या काठावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"पीळ आहे, उंची बसते, बारा रोपं एकसारखी आहेत," तपासनीस म्हणाला. "रंगाचं मी 'किंचित फरक' असं लिहू शकतो. फोटो जुना आहे, रंग उतरतो. पण मूळ अर्जदार हयात नाहीत, म्हणून वारसाचं निवेदन लागतं. हे रोप अर्जातलंच आहे, अशी सही करायची. सही झाली की माझ्याकडून झालं. नाव काय घालायचं?"

वहिनींनी दादाचं पूर्ण नाव सांगितलं. त्याने ते शिसपेन्सिलीने, सुवाच्य अक्षरांत रकान्यात लिहिलं. मग कागद आणि पेन वहिनींपुढे धरलं.

दादाचं नाव तिथे लिहिलेलं मी पाहिलं. मला ते तिथेच राहायला हवं होतं, अगदी जिवापाड. एक सही. बी त्याचंच होतं, कुंडी त्याची, नर्सरी त्याची. कुणाचं काय बिघडणार होतं?

वहिनींनी पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं, आणि तसंच धरून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, माझा चष्मा आत राहिलाय. जरा बघून सांगा. हे तेच आहे ना?"

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

तपासनीसाने चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग सभ्यपणे कमळांकडे बघू लागला. मी तोंड उघडलं. 'हो' हा काही अवघड शब्द नाही. मी चार महिने त्याचीच तयारी करत होतो.

"नाही," मी म्हणालो.

वहिनींनी पेन कागदावरून उचललं.

"त्याचं रोप मेलं, वहिनी. ही त्याच्या बियांची रोपं आहेत. कुंडीतलीही आणि ट्रेमधलीही. ट्रेमधली आठ तर मी खडीतून उचलून बसवलीत."

"कधी मेलं?"

"नक्की नाही सांगता येणार. मला कळून दीड वर्ष झालं."

वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि पेन तपासनीसाला परत दिलं. त्याने ते खिशाला लावलं, कागद मांडीवर ओढून घेतला. रागावला नाही. असं काही त्याने याआधीही पाहिलं असावं.

"इथे तीन चौकोन आहेत," तो म्हणाला. "स्वीकृत, अस्वीकृत, मागे घेतला. अस्वीकृत लिहिलं तर फसवणुकीची चौकशी लागते. तुम्ही सही केलेली नाही, तेव्हा 'मागे घेतला' लिहितो. तुमच्या सोयीचं आहे."

"मागे घेतलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी अर्ज केला तेव्हा रोप होतं. खरं होतं. मी पाहिलंय. नंतर मेलं. तसं लिहा."

"तसा चौकोन नाही."

"मग शेरा असेल ना?"

शेरा होता. तपासनीसाने सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं: "अर्जातील रोप मृत. अर्जदार मृत." वाचल्यावर तो जरा घुटमळला. "माफ करा. दुसरं वाक्य गरजेचं नव्हतं. खोडतो."

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "बरोबर आहे." त्यांनी त्या शेऱ्याखाली सही केली. वरच्या रकान्यातलं नाव तपासनीसाने त्यांच्याच समोर खोडरबराने पुसलं आणि कागदावरचा भुगा फुंकर न मारता हाताने झटकला. चहा घेतला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की खडीतल्या रोपांपैकी तिसऱ्या कुंडीतलं चांगलं आहे, फोडून वाढवलं तर पाचेक वर्षांत नव्याने अर्ज करता येईल. मी म्हणालो, बघू. त्याने स्टूल मिटलं आणि तो गेला.

मी मागे वळलो तर वहिनींनी मूळ कुंडी आडवी केली होती. दुखऱ्या गुडघ्यावर बसल्या होत्या. गड्डा ओढून बाहेर काढला, दोन्ही हातांनी फोडला, आणि मधला तो काळा चोथा ओंजळीत घेतला.

"हे?"

"हो."

त्यांनी ते नाकाशी नेलं. मग माझ्यापुढे धरलं. मी का वास घेतला ते मला माहीत नाही. ओल्या मातीचाच वास होता, दुसरा कसला नाही.

"सरळ काड्या मलाही दिसत होत्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "काउंटरवर बसते म्हणून मी काही आंधळी नाही. तीस वर्षं तुम्हा दोघांचं बोलणं ऐकलंय. बी पडलं की काय होतं ते मला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. झाडातलं तुम्हाला कळतं. तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे असेल बाबा जिवंत, असं रोज म्हणायचे आणि पाणी घालायचे." त्यांनी चोथा कुंडीच्या काठावर ठेवला. "काल बँकेतून आले आणि पाहिलं, सगळ्या सरळ काड्या गेल्या. वाटलं, आता हा माणूस मला जन्मभर सांगणार नाही. मग मलाच विचारावं लागलं."

"वहिनी, माझं चुकलं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. हात पदराला पुसले. "मला त्यांची फार आठवण येते हो."

चार वर्षांत हे वाक्य त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. कुंडीशी बोलल्या असतील.

"मलाही," मी म्हणालो. एवढं एकमेकांना सांगायला आम्हाला चार वर्षं आणि एक सरकारी माणूस लागला. वहिनी रडल्या, आवाज करून. मी खाली खडीत त्यांच्या शेजारी बसलो आणि माझी नजर जिथे पडे तिथे कुठली तरी रोपं उगवलेली दिसत होती. मी एकही उपटलं नाही.

थोड्या वेळाने फाटकातून एक गिऱ्हाईक आत आलं आणि त्याने तिथूनच ओरडून विचारलं की कमळं कुठे आहेत.

"आज दुकान बंद आहे," वहिनी म्हणाल्या.

"फाटक तर उघडं आहे."

"माझे यजमान वारलेत," वहिनींनी सांगितलं.

तो माणूस गडबडला. टोपी काढली, कधी, असं विचारणार होता, पण आमची तोंडं बघून गप्प राहिला आणि मागच्या पावली निघून गेला. दादाला नेलं त्या दिवशीही आम्ही दुपारनंतर नर्सरी उघडली होती, कारण रोपांना पाणी लागतं, आणि वहिनी म्हणाल्या होत्या की घरी बसून तरी काय करायचं. मी उठलो, फाटक ओढून घेतलं, कडी लावली. तेव्हा साडेअकरा वाजले होते, कामाचा दिवस होता, आणि माझा भाऊ मेला होता.